८ अंशांची नोंद : तंजावर, जिनिव्हा आणि इडुक्कीचे खोल पाणी

१७ एप्रिल २०२४ रोजी केरळातील इडुक्की जिल्ह्यात, कुळमाव येथे, एका नव्या चाचणी-मंचाचे उद्घाटन झाले. डीआरडीओचे अध्यक्ष डॉ. समीर कामत यांच्या हस्ते हा समारंभ पार पडला. कोचीच्या नौदल भौतिकी व सागरविज्ञान प्रयोगशाळेने, म्हणजे एनपीओएलने, हा मंच उभारला असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘स्पेस’ असे पडले आहे. नावामुळे अंतराळाचा भास होतो, परंतु काम आहे पाण्याखालचे. मंचाचे दोन भाग आहेत. एक भाग जलाशयावर तरंगत राहतो, आणि दुसरा विंचच्या साहाय्याने १०० मीटरपर्यंत हव्या त्या खोलीवर उतरविता येतो. जहाजे, पाणबुड्या आणि हेलिकॉप्टर यांवर बसवायच्या सोनारची पारख येथे व्हायची आहे.

बातमी वाचल्यावर एक साधा प्रश्न मनात येतो. ज्या देशाला हजारो किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, त्याने समुद्रात वापरायचे यंत्र तपासण्यासाठी घाट चढून, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्याच्या जलाशयात का जावे? या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत आहे आणि ते गुणधर्म कळण्याची कथा जवळजवळ २०० वर्षांची आहे. ती १८२६ या वर्षापासून सांगणे सोयीचे ठरते. मराठी वाचकाने ती तंजावरापासून ऐकावी, असे मला वाटते.

१८२६ साली तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती राजवाडा, किल्ला आणि वेळ उरला होता. त्या वेळेचे त्यांनी जे केले, त्याला भारतीय विज्ञानाच्या इतिहासात तोड सापडणे कठीण आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांच्या शेजारी युरोपीय भाषांतील ग्रंथांची कपाटे भरली. देवनागरी छापखाना चालविला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरविला. वातपंप, विद्युत्‌यंत्र, शरीररचना शिकविण्यासाठी हस्तिदंती सांगाडा अशा वस्तू त्यांच्या संग्रहात होत्या. मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर तंजावरास आले. लव्हाझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्ली येथे हेबर यांचा मृत्यू झाला.

सरफोजींच्या कामातली एक गोष्ट या लेखासाठी महत्त्वाची आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोगांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांचे कागद आजही ग्रंथालयात आहेत. त्यांत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत, रोगाची स्थिती आणि केलेले उपचार यांची टिपणे आहेत. ‘बरा झाला’ एवढे लिहून राजा थांबत नव्हता. कोणत्या अवस्थेत काय केले, आणि मग काय झाले, हे लिहिण्याचा त्याचा आग्रह होता. निरीक्षणासोबत परिस्थितीची नोंद ठेवणे, ही प्रायोगिक विज्ञानाची पहिली शिस्त होय.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तंजावरपासून हजारो किलोमीटर दूर, जिनिव्हा सरोवरावर दोन तरुण हीच शिस्त पाळीत होते. ज्याँ-दानिएल कोलादों हा भौतिकीचा अभ्यासक आणि शार्ल स्तुर्म हा गणिती. दोघांचेही वय तेव्हा २३ वर्षे होते. द्रवपदार्थ दाबाखाली किती आकसतात, या विषयावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक जाहीर केले होते आणि त्यासाठी त्यांना पाण्यातील ध्वनीचा वेग हवा होता. सरोवराच्या एका तीरावर रोल हे गाव, समोरच्या तीरावर तोनों. दोन्ही ठिकाणच्या नावांमधले अंतर १३,४८७ मीटर. रोलकडच्या नावेखाली पाण्यात एक घंटा टांगली होती. घंटेवर हातोडा पडताच त्याच तरफेने नावेवरची बंदुकीची दारू पेटत असे. तोनोंकडच्या नावेत कोलादों पाण्यात बुडविलेल्या कर्ण्यासारख्या नळीला कान लावून बसे. अंधारात उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की घड्याळ बंद. प्रकाशाला ते अंतर तोडण्यास लागणारा वेळ नगण्य, त्यामुळे घड्याळातला वेळ हाच ध्वनीचा प्रवासकाल.

तो भरला सुमारे ९.४ सेकंद. भागाकार केला की वेग येतो १,४३५ मीटर प्रतिसेकंद. हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. या दोघांना १८२७ साली अकादमीचे पारितोषिक मिळाले.

पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट येथे संपते. मला मात्र त्या प्रयोगातली दुसरी एक नोंद अधिक मोलाची वाटते. त्यांनी पाण्याचे तापमान मोजले होते. ते सुमारे ८ अंश सेल्सिअस होते. ८ अंशांच्या शुद्ध पाण्यातील ध्वनिवेग आज आपल्याला सुमारे १,४३९ मीटर प्रतिसेकंद असा ठाऊक आहे. म्हणजे १३ किलोमीटरांवर त्यांची चूक एका सेकंदाच्या सुमारे ३ शतांश इतकी. आता कल्पना करा की तेच अंतर २५ अंशांच्या पाण्यात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जलाशयासारख्या पाण्यात, मोजले असते. तेथे ध्वनीचा वेग सुमारे १,४९७ मीटर असतो, आणि घंटेचा आवाज ९ सेकंदांतच पोहोचला असता. हा फरक जवळजवळ ०.४ सेकंदांचा, म्हणजे त्यांच्या चुकीच्या दहापटीहून मोठा. तापमान लिहून ठेवले नसते, तर आज तो आकडा बरोबर होता की चूक, हे कोणालाही सांगता आले नसते. ८ अंशांच्या त्या नोंदीमुळेच १,४३५ या आकड्याला अर्थ आहे.

तापमानाने ध्वनीचा वेग इतका का बदलावा? येथे विद्यार्थ्यांच्या मनातील एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाणी हवेपेक्षा दाट असते म्हणून त्यात ध्वनी वेगाने जातो, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः घनता वाढली की वेग कमी व्हायला हवा, कारण जड कण हलविणे कठीण असते. ध्वनिवेगाचा वर्ग म्हणजे माध्यमाच्या ताठरपणाला घनतेने भागून येणारी संख्या. पाणी हवेहून शेकडो पटींनी दाट असले, तरी ते दाबायला त्याहूनही कितीतरी पटींनी कठीण आहे. म्हणून ध्वनी त्यात वेगाने धावतो. आता पाणी १० अंशांवरून ३० अंशांपर्यंत तापविले, तर घनता जेमतेम ०.४ टक्क्याने घटते, परंतु ताठरपणा सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. परिणामी वेग ४ टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. बहुतेक द्रव तापविले की मऊ होतात आणि त्यांतील ध्वनी मंदावतो. पाण्याचे वर्तन उलटे आहे. त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून एक सैलसर, पोकळ रचना करतात. थंड पाण्यात या रचनेचा अंश अधिक, म्हणून ते दाबाला थोडे अधिक नमते. उष्णतेने ती रचना मोडत जाते आणि पाणी ताठर होते. सुमारे ७४ अंशांपर्यंत ध्वनीचा वेग वाढत राहतो. त्यानंतर मात्र पाणीही इतर द्रवांप्रमाणे वागू लागते.

तापमानाखेरीज आणखी दोन गोष्टी वेग वाढवितात. एक म्हणजे दाब. दर १०० मीटर खोलीमागे वेगात सुमारे १.६ ते १.७ मीटर प्रतिसेकंदाची भर पडते. दुसरी क्षारता. एक किलो पाण्यात एक ग्रॅम मीठ वाढले, तर वेग सुमारे १.३ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. गोड्या पाण्याच्या सरोवरात क्षारतेचा प्रश्न उरत नाही. तेथे ध्वनीची वाट ठरविणारे दोघेच : तापमान आणि खोली.

‘वाट’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. जिनिव्हाच्या प्रयोगाने ध्वनी किती वेगाने जातो हे सांगितले, पण तो सरळ जातो का, हा प्रश्न तेव्हा पुढे आला नव्हता. तो पुढे यायला महायुद्धे लागली.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले आणि पाण्याखालील ध्वनीने हिमनग शोधता येतील का, याचा विचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी तो विचार निकडीचा केला. फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकाने पाण्यात अतिध्वनी लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपला. आधुनिक सोनारचा आरंभ येथून मानतात. १९१९ साली ह्यूगो लिश्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्रात तापमानाचे आडवे थर असतील तर ध्वनीची वाट वाकेल आणि त्यावर त्याचा पल्ला अवलंबून राहील, असे त्यात दाखविले होते. त्या निबंधाकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वाट का वाकते, हे समजायला बैलगाडीचे उदाहरण पुरेसे आहे. गाडीचे एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या रस्त्यावर असेल, तर चिखलातले चाक मंदावते आणि गाडी चिखलाकडे वळते. ध्वनीची लहर अशीच, ज्या बाजूला वेग कमी त्या बाजूला वळते. वर ऊबदार आणि खाली गार पाणी असेल, तर खालची बाजू मंद, म्हणून ध्वनी खाली वळतो. तापमान सर्वत्र सारखे असेल, तर दाबामुळे खालची बाजू किंचित वेगवान, म्हणून ध्वनी अगदी हलकेच वर वळतो.

या दोन वाकणांत किती अंतर आहे, ते आकड्यांत पाहावे. समजा, एखाद्या जलाशयात २५ अंशांच्या आसपासचे पाणी २० मीटर खोलीत ४ अंशांनी गार होत गेले आहे. अशा थरात आडवा सोडलेला ध्वनिकिरण सुमारे २,८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वाकतो, आणि अवघ्या ३०० मीटर अंतरात सुमारे १६ मीटर खाली जातो. त्याच पाण्याचे तापमान एकसारखे असते, तर केवळ दाबामुळे वाकणाऱ्या किरणाची त्रिज्या सुमारे ९० किलोमीटर भरली असती. म्हणजे व्यवहारात तो सरळच गेला असता. चार अंशांच्या फरकाने ध्वनी श्रोत्याला टाळून तळाकडे निघून जातो. ज्या भागात तो पोहोचत नाही, त्याला छायाक्षेत्र म्हणतात.

या छायाक्षेत्राने माणसांवर अन्याय केल्याची एक नोंद इतिहासात आहे. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाने क्यूबाजवळच्या ग्वांतानामोच्या परिसरात सोनारच्या चाचण्या घेतल्या. सकाळी यंत्र उत्तम चाले. दुपारी प्रतिध्वनी क्षीण होई, कधी नाहीसा होई. यंत्रात दोष सापडेना. तेव्हा संशय गेला तो कानाला यंत्र लावून बसलेल्या खलाशांवर. जेवणानंतर त्यांना सुस्ती येत असावी, असा तर्क झाला. वुड्स होल येथील सागरवैज्ञानिक कोलंबस इझेलिन यांनी पाण्याचे तापमान खोलीनुसार मोजले, तेव्हा खरे कारण कळले. दुपारच्या उन्हाने समुद्राचे वरचे काही मीटर पाणी एक-दोन अंशांनी तापत होते. तेवढ्याने ध्वनी खाली वळत होता आणि जवळची पाणबुडीही छायेत जात होती. खलाशी जागेच होते. याच सुमारास ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी बॅथिथर्मोग्राफ सिद्ध केला. चालत्या जहाजावरून पाण्यात सोडले की हे उपकरण खोलीनुसार तापमानाचा आलेख काढून देई. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधात ते नित्याचे साधन झाले.

आपल्या देशाला या विषयाची किंमत ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री मोजावी लागली. दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ ही आपली फ्रिगेट बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. खुकरीवरचे सोनार जुन्या ब्रिटिश बनावटीचे होते, त्याचा पल्ला अपुरा होता, आणि तो वाढविण्याचा एक प्रयोग त्या दिवसांत त्याच जहाजावर चालू होता. त्या रात्री पाण्याचे थर कसे होते, यावर मी येथे तर्क करणार नाही. युद्धातील एखाद्या हानीला एकच कारण नसते. परंतु पाणबुडीला जहाज ऐकू आले आणि जहाजाला पाणबुडी ऐकू आली नाही, एवढे उघड आहे.

त्यानंतरच्या वर्षांत नौदलातील एका तरुण अभियंत्याकडे जुने सोनार सुधारण्याचे काम आले. पोल्लाचीत जन्मलेले अरोग्यस्वामी पॉलराज हे ते अधिकारी. त्यांच्या नेतृत्वाखाली कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अप्सोह’ हे भारतीय बनावटीचे सोनार सिद्ध झाले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘आयएनएस हिमगिरी’वर बसविले गेले. पुढे पॉलराज स्टॅनफर्डला गेले. अनेक अँटेना एकत्र वापरण्याचे त्यांचे तंत्र आज आपल्या मोबाइल फोनमध्ये काम करीत असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोनार बनविले, तर ते किती जोराने बोलते आणि किती बारीक ऐकते, हे मोजायचे कोठे? समुद्रात लाटा असतात, जहाजांची घरघर असते. उष्ण प्रदेशाच्या उथळ किनाऱ्यावर तर नांगी वाजविणाऱ्या कोळंबीचा तडतडाट रात्रंदिवस चालू असतो. तापमानाचे आणि क्षारतेचे थर प्रवाहांबरोबर सरकत राहतात. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेपासून गोदावरी-कृष्णेपर्यंतच्या नद्या गोडे पाणी ओततात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडे कधी वर गार गोडे पाणी व खाली ऊबदार खारे पाणी अशी उलटी मांडणी होते. यंत्र जेथे वापरायचे तेथे त्याची अंतिम परीक्षा झालीच पाहिजे. पण त्याआधी त्याचे मोजमाप शांत आणि ज्ञात पाण्यात व्हावे लागते.

मग प्रयोगशाळेतील हौद का चालत नाही? समजा, ५ मीटर खोल हौदात मध्यावर, एकमेकांपासून २ मीटरवर, ध्वनिस्रोत आणि हायड्रोफोन टांगला. पृष्ठभागावर आणि तळावर आदळून आलेला आवाज मूळ आवाजानंतर सुमारे २.३ सहस्रांश सेकंदांतच पोहोचतो. १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीचे एक आंदोलन व्हायलाच १ सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे दोन आंदोलने होतात न होतात तोच प्रतिध्वनी मिसळतो. याउलट खोल सरोवरात दोन्ही उपकरणे ५० मीटर खाली, एकमेकांपासून १० मीटरवर ठेवली आणि तळही तितकाच दूर असला, तर पहिला प्रतिध्वनी सुमारे ६० सहस्रांश सेकंदांनी येतो. तेवढ्या वेळात ६० आंदोलने निर्वेधपणे मोजता येतात. हवेकडे निसटून जाण्याने प्रतिध्वनी कमी होईल, अशी आशाही करता येत नाही. पाण्यातून पृष्ठभागावर सरळ आदळलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी केवळ हजारावा भाग हवेत जातो, बाकी सारी परत फिरते. कोलादों यालाही पाण्याखालची घंटा नळी पाण्यात बुडविल्यावाचून दुरून ऐकू आली नव्हती, हे येथे आठवावे.

हौदातील पाण्याचा गुणधर्म आपण अचूक जाणू शकतो. १९३५-३६ मध्ये बंगळुरूला रामन आणि नागेंद्रनाथ यांनी द्रवातील अतिध्वनी लहरींमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते, याचा सिद्धान्त मांडला; त्या तत्त्वाने वाटीभर द्रवातही ध्वनीचा वेग मोजता येतो. पण वाटीभर पाण्यात थर नसतात. समुद्रात ध्वनीची वाट थरांची मांडणी ठरविते, आणि ती मांडणी मिळण्यासाठी खोल पाणी लागते.

तंजावरच्या भूगोलात असे पाणी नाही. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट आहे. शिवगंगेचे तळे शहराची तहान भागविण्यासाठी होते. सरफोजींनी समुद्रकाठी उभारलेल्या मनोरा या बुरुजावरून जी पाल्कची सामुद्रधुनी दिसते, तीही उथळ. खोल आणि शांत पाणी हवे, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे जावे लागते. तेथे पेरियारच्या खोऱ्यात इडुक्की, चेरुतोणी आणि कुळमाव अशी तीन धरणे मिळून एकच जलाशय झाला आहे. इडुक्कीचे कमानी धरण सुमारे १६९ मीटर उंच आहे. वीज निर्माण करण्यासाठी अडविलेले पाणी ध्वनिशास्त्रालाही उपयोगी पडले.

अर्थात जलाशय म्हणजे आदर्श पाणी नव्हे. जिनिव्हासारख्या थंड प्रदेशातील सरोवरात तळाचे पाणी ४ अंशांच्या फार वर जात नाही, कारण त्या तापमानाला गोडे पाणी सर्वांत जड असते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात बर्फाखाली वर ० आणि खाली ४ अंश अशी उलटी मांडणी होते आणि ध्वनी वर वळून बर्फाला बिलगत जातो. आपल्याकडे ४ अंशांचा प्रश्न येत नाही. येथे थर घडवितात ते ऊन आणि पाऊस. उन्हाळ्यात वरचा थर तापतो. पावसाळ्यात डोंगरातून येणारे गार, गढूळ पाणी आपल्या घनतेचा थर गाठून तेथे पसरते. तळाच्या गाळातून वायूचे बुडबुडे उठतात आणि एवढासा बुडबुडाही ध्वनी विखुरतो. शिवाय गोड्या पाण्यात ध्वनी फार कमी शोषला जातो. समुद्रात मॅग्नेशियम सल्फेट आणि बोरिक आम्ल ध्वनीची ऊर्जा गिळतात. १०,००० हर्ट्‌झला समुद्रात दर किलोमीटरमागे साधारण १ डेसिबल इतकी घट होते, तर गोड्या पाण्यात तिच्या अवघ्या काही शतांशांइतकी. म्हणून सरोवरात मिळालेला पल्ला समुद्रात तसाच मिळेल, असे मानता येत नाही. सरोवरातला प्रत्येक आकडा त्या वेळच्या तापमान-आलेखासह लिहावा लागतो आणि मगच समुद्रासाठी त्याचे रूपांतर करावे लागते. ८ अंशांची ती नोंद येथे पुन्हा आपल्याला भेटते. आता ती एक संख्या नसून पृष्ठभागापासून तळापर्यंतची संपूर्ण रेषा आहे.

तंजावरशी या जलाशयाचा आणखी एक धागा आहे. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा तमिळ प्रकार; त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली कुरत्ती गाणी म्हणते. सरफोजींच्या नाटकात ती भविष्याऐवजी जगाचा भूगोल सांगते : देश, पर्वत, नद्या, ग्रहमाला. इडुक्कीचे कमानी धरण ज्या दोन डोंगरांमध्ये उभे आहे, त्यांची नावे कुरवन आणि कुरत्ती. एकाच डोंगरी समाजाचे नाव नाटकाच्या पोथीतही आहे आणि जलाशयाच्या नकाशावरही. याला योगायोगापेक्षा अधिक काही म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या कुरत्तीच्या तोंडी राजाने मराठीत जगाचे वर्णन घातले, तिच्या नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी आज पाण्याच्या आतला भूगोल मोजला जात आहे, हे मला लक्षणीय वाटते.

तंजावरची कथा मात्र पुढे गेली नाही. १८३२ मध्ये सरफोजी वारले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. पोथ्या राहिल्या, नेत्ररुग्णांचे कागद राहिले. त्यांच्यावर पुढचे पान लिहिणारे कोणी राहिले नाही. जिनिव्हातील त्या दोघांच्या आकड्यापाठीमागे अकादमी होती, पारितोषिक होते, आणि नंतर येणारे शास्त्रज्ञ तो आकडा तपासणार होते. सरफोजींची जिज्ञासा कोलादोंच्या जिज्ञासेहून उणी नव्हती. उणीव होती ती राजाच्या मृत्यूनंतरही नोंदी चालू ठेवणाऱ्या संस्थेची. खुकरीच्या रात्रीपासून अप्सोहपर्यंत आणि अप्सोहपासून कुळमावच्या मंचापर्यंत जे घडले, ते अशी संस्था असल्यामुळे घडले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावाजवळ खोल विहीर, खाण किंवा जलाशय असेल, तर जाणत्या माणसाच्या सोबतीने आणि परवानगीने एक साधा प्रयोग करावा. दोरीला दर मीटरवर खूण करावी, टोकाला जलरोधक तापमापक बांधावा, आणि सकाळी व दुपारी दर मीटरचे तापमान वहीत लिहावे. तारीख, वेळ, ऊन की ढग, हेही लिहावे. सकाळच्या आणि दुपारच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या, की ग्वांतानामोच्या खलाशांना झोपाळू का ठरविले गेले, हे कागदावर दिसेल. तापमानाचा तो आलेख वापरून ध्वनी कोठे वळेल, हे बारावीच्या गणिताने काढता येते.